तिआउच्या अलीकडे

पीच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीशेजारी पत्र्याचा एक जुना डबा असायचा. भातासाठी तांदूळ मोजून घेतले, की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ ती त्या डब्यात टाकायची. दोन्ही वेळेला, न चुकता. पाहुणे असोत नाहीतर घरात ती एकटीच असो, मूठ चुकायची नाही. डबा भरला की चर्चच्या बायका येऊन तांदूळ घेऊन जायच्या. मिझो भाषेत याला 'बुहफाइ थाम' म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. शंभरहून जास्त वर्षं मिझोरामच्या घराघरांतून ही मूठ निघते आणि तिच्यावर चर्चची कितीतरी कामं चालतात.

मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. माझी आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासरीही दळण काढताना मूठभर जोंधळा बाजूला ठेवायची पद्धत होती, कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी. मुष्टिफंड. आजी तो शब्द फार जपून उच्चारायची. पीच्या डब्याकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजीच्या हाताची ती मिटलेली मूठ दिसली. मी साताऱ्यापासून किती लांब आलेय हे त्या दिवसापुरतं विसरायला झालं.

बँकेतली बदली म्हणून मी २०२२ मध्ये ऐझॉलला गेले आणि दोन वर्षं पीच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. 'पी' हे तिचं नाव नव्हे. वयस्कर बाईला मिझो माणसं आदरानं पी म्हणतात, तसं मीही म्हणायला लागले. तिला हिंदी जेमतेम यायचं, मला मिझो त्याहून कमी. कॉलेजात शिकवणारा तिचा भाचा घरी असला की आमचं बोलणं लांब चालायचं, नसला की आम्ही चहा पीत बसायचो.

तिकडे जाईपर्यंत म्यानमार माझ्यासाठी म्यानमार नव्हताच. आपल्याकडे तो ब्रह्मदेश. टिळकांचं मंडाले, रत्नागिरीत आणून ठेवलेला थिबा राजा, शाळेच्या सहलीत पाहिलेला त्याचा राजवाडा. त्या देशाला भारताची १६४३ किलोमीटरची जमिनीवरची सीमा लागून आहे, हे नकाशात पाहिलं होतं एवढंच. त्यातली ५१० किलोमीटर मिझोरामची. सीमेच्या मोठ्या पट्ट्यात मधून तिआउ नदी वाहते. नदी म्हणायचं, पण पावसाळा सरला की कितीतरी ठिकाणी माणूस चालत पार होतो.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. महिन्याभरात तिआउ ओलांडून पहिली माणसं मिझोराममध्ये आली, ती होती पोलीस. निदर्शकांवर गोळ्या चालवायचा हुकूम आला, तो पाळायचा नाही म्हणून ते बायकामुलांसह निघून आले होते. मग मिझोरामला लागून असलेल्या म्यानमारच्या चिन प्रांतात लोकांनी शिकारीच्या बंदुका काढल्या आणि लष्करानं तोफा. थांटलांग नावाचं डोंगरातलं एक गाव त्या वर्षी सप्टेंबरपासून पुन्हा पुन्हा पेटवलं गेलं. आग विझवायला निघालेल्या एका तरुण पाद्रीला गोळी घालून मारलं. गावातली हजारो माणसं पांगली, त्यातली पुष्कळशी नदी पार करून इकडे आली. मी ऐझॉलला पोचले तेव्हा आमच्या गल्लीतच अशी तीन कुटुंबं होती. पी त्यांना 'उनाउ' म्हणायची. उनाउ म्हणजे भावंडं. अशा माणसांसाठी मिझोत दुसराही एक शब्द आहे, 'राल्त्लान', लढाईतून पळून आलेला. वर्तमानपत्रात तो यायचा. पीच्या तोंडून मी तो एकदाच ऐकला, आणि तेव्हा ती स्वतःबद्दल बोलत होती. ते पुढे येईल.

जानेवारी २०२३ मध्ये म्यानमारच्या लढाऊ विमानांनी चिन बंडखोरांच्या मुख्य तळावर बॉम्ब टाकले. तळ तिआउच्या अगदी पलीकडच्या काठावर आणि अलीकडे आपलं फारकॉन गाव. तळावर माणसं मेली, त्यात बायकाही होत्या. बॉम्ब आपल्या हद्दीतही पडल्याचं गावकरी सांगत होते. फारकॉनजवळ नदीच्या पात्रात बॉम्ब पडल्याची माहिती आल्याचं परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं. मला त्या 'पात्रात' या शब्दाचं फार वाटलं. त्या पात्रातून वाळू काढायला आपल्याच गावातली माणसं जातात, मासे धरायला पोरं उतरतात. साताऱ्याला फोन केला तर घरी कुणाला काहीच माहीत नव्हतं. परक्या देशाची विमानं भारताच्या वेशीवर बॉम्ब टाकून गेली आणि आपल्याकडच्या पेपरात त्याची चार ओळींची बातमीसुद्धा सगळ्यांनी वाचली नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. आदल्या वर्षी मीही वाचली नसती. पण त्या संध्याकाळी मला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

त्या वर्षीची दिवाळी मी ऐझॉललाच काढली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, रविवारी. रविवारी मिझोराममध्ये सगळं बंद. मी गॅलरीच्या कठड्यावर दोन पणत्या लावल्या. पी संध्याकाळच्या प्रार्थनेहून परत आली, पणत्यांपाशी थोडी थांबली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. चम्फाईहून तिची बहीण बोलत होती. पलीकडच्या रिखोदार आणि खॉमवी इथल्या लष्करी ठाण्यांवर बंडखोरांनी हल्ला चढवला होता, झोखोथारचा पूल माणसांनी भरून गेला होता. दुसऱ्या दिवशी विमानंही आली. दोन दिवसांत पाच हजारांच्या आसपास माणसं इकडे आली. झोखोथार हे खरं तर एक सरहद्दीवरचं खेडं. एका पुलावर, एका रस्त्यावर वसलेलं.

पाडवा, भाऊबीज झाली आणि शुक्रवारी पहाटे पी, तिचा भाचा आणि मी सुमोतून निघालो. मागे तांदळाची पोती, डाळ, मीठ, चर्चनं जमवलेली पांघरुणं. ऐझॉल ते चम्फाई जवळजवळ १९० किलोमीटर, सगळा घाटरस्ता, दिवस जातो. चम्फाईला भातशेतीचं मोठं सपाट खोरं आहे. डोंगरातून डोंगरात फिरून डोळे दमलेले असतात आणि एकदम ते पिवळं खोरं उघडतं. तिथून झोखोथार आणखी २७ किलोमीटर.

पूल मी मनात फार मोठा रंगवला होता. तसा तो नाही. अलीकडे आपली चौकी, पलीकडे उतारावर पत्र्याच्या छपरांची घरं. इतकी जवळ, की पलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग ओळखू यावेत. लढाई बघायला लोक टेकडीवर चढून बसले होते असं आदल्या दिवशी ऐकून मला विचित्र वाटलं होतं. तिथं उभी राहिल्यावर कळलं. ज्यांची घरं पलीकडे होती ते आपलं छप्पर शाबूत आहे का ते बघत होते.

आम्ही गेलो तेव्हा गोळीबार थांबला होता आणि पुलावर दोन्ही दिशांनी माणसं चालत होती. दिवसा तिकडे जायचं, घरातलं काही उचलून आणायचं, अंधार पडायच्या आत इकडे यायचं. काय काय येत होतं! गाद्यांच्या वळकट्या. टोपलीत कोंबड्या. प्रेशर कुकर, त्यात कोंबलेले लहान मुलाचे स्वेटर. एक म्हातारा नुसतं घड्याळ घेऊन आला, भिंतीवरचं, आणि ते छातीशी धरून चौकीजवळ बसून राहिला. त्याच्यामागून एक बाई आली. तिशीची असेल. पाठीवर, लहान मूल बांधतात तशी पुआनच्या कापडानं तिनं काहीतरी जड वस्तू बांधली होती. मला वाटलं मूलच आहे. पुलाच्या अलीकडे येऊन तिनं ओझं उतरवलं, कापड सोडलं, तर आत शिवणयंत्राचं नुसतं काळं डोकं होतं, सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेलं. पाय आणि लाकडी टेबल तिकडेच राहिलं होतं. चाकाला हात लावून तिनं ते एकदा फिरवून पाहिलं. सुई वर गेली, खाली आली. मग ती जमिनीवर बसली आणि पहिल्यांदाच रडली.

माझ्या आईनं शिवणकाम करून आमची शिक्षणं केली. मी तिथून बाजूला झाले.

पी मात्र तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघी एकाच भाषेत बोलत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण 'परदेशी' या शब्दानं डोळ्यांसमोर जे येतं त्यात हे बसत नाही. रिखोदारची भाषा चम्फाईत कळते. गाणी तीच, आडनावंही तीच. इंग्रजांनी दोन्ही बाजूंचे डोंगर जिंकले, ते चिन आणि लुशाई असे वेगवेगळ्या कचेऱ्यांना वाटून दिले, आणि १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा काढला तेव्हा तिआउ देशाची हद्द झाली. मिझो लोक सांगतात, मिझोरामचं सगळ्यात मोठं तळं म्यानमारमध्ये आहे. रिह दिल त्याचं नाव. झोखोथारहून पुढे थोडक्याच अंतरावर, बदामाच्या आकाराचं. जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्या माणसाचा आत्मा पितरांच्या गावाला जाताना रिह दिलवरून जातो. सगळे ख्रिस्ती झाले, समजूत मागे पडली, पण तळ्याची माया गेली नाही. शांततेच्या दिवसांत लोक डबे घेऊन तिथं सहलीला जायचे.

रात्री आम्ही पीच्या एका नातलगाच्या घरी उतरलो. एका खोलीत अकरा माणसं. जेवताना मी विषय काढला तो मला सलत होता म्हणून. ठाणी पडल्यावर म्यानमारचे ४० हून जास्त सैनिकही पळून इकडेच आले होते, त्याच नदीतून. त्यांनी मिझोराम पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली, आपल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं त्यांना मणिपूरच्या मोरेला नेलं आणि तिथून त्यांच्या देशाच्या हवाली केलं. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत अशा सैनिकांची संख्या सहाशेच्या घरात गेली. त्यातले २७६ एकदमच आले, १७ जानेवारी २०२४ ला, दक्षिणेत लोंगतलाई जिल्ह्यात. त्यांना न्यायला आलेलं म्यानमारचं लष्करी विमान लेंगपुई विमानतळाच्या धावपट्टीवरून घसरून खाली झाडीत गेलं, ती बातमी मात्र साताऱ्यापर्यंत पोचली.

मी म्हटलं, ज्यांनी गावं जाळली त्यांनाही तुम्ही जेवू घातलंत?

भाच्यानं भाषांतर करायच्या आधी थोडा वेळ घेतला. त्यालाही तो प्रश्न पडला असणार. पीनं ताटातला भात कालवता कालवता उत्तर दिलं. त्यांच्यातली काही पोरं अठरा-एकोणीस वर्षांची होती, काहींच्या पायात बूट नव्हते, नदीतून आलेला माणूस थरथरत असतो, त्याला आधी गरम काहीतरी द्यायचं असतं. एवढंच ती बोलली. त्यात मोठेपणाचा आव नव्हता. पण मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. थांटलांगची छायाचित्रं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या कुठल्या हातानं काडी ओढली हे नदी ओलांडणाऱ्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. तसं मी म्हणालेही. त्यावर पी म्हणाली, "मी पण राल्त्लान होते."

मग उशिरापर्यंत ती बोलत राहिली.

१९६६ साली ती सात वर्षांची होती. त्याआधी १९५९ मध्ये बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले, पिकं गेली, दुष्काळ पडला. दिल्लीकडून आणि आसामच्या तेव्हाच्या राजधानीकडून, शिलाँगकडून, वेळेवर मदत आली नाही याचा राग साठत गेला आणि १ मार्च १९६६ ला मिझो नॅशनल फ्रंटनं स्वातंत्र्य पुकारलं. ५ मार्चला आपल्याच हवाई दलानं ऐझॉलवर बॉम्ब टाकले. आपल्याच विमानांनी, आपल्याच शहरावर. शाळेच्या इतिहासात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. वयाच्या सदतिसाव्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून, झोखोथारच्या एका चुलीपाशी ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं आणि मान वर करून तिच्याकडे बघायला मला जड गेलं. पुढच्या वर्षापासून गावं हलवायला सुरुवात झाली. पाचशेहून जास्त गावं उठवून रस्त्यालगतच्या वसाहतींत नेली, म्हणजे बंडखोरांना कुणी अन्न देऊ नये. पीच्या गावाला निघायला एक दिवस मिळाला. नेता येईल ते न्यायचं, बाकीचं घरासकट पेटणार. कणग्यांमधलं भात जळताना फुटत होतं, लाह्यांसारखं, असं ती म्हणाली. तिच्या आईनं त्यातून वाचवलेल्या तांदळातूनही मूठ बाजूला काढली होती.

तिचा धाकटा मामा त्या रात्री वसाहतीत गेला नाही. तो तिआउ ओलांडून ब्रह्मदेशात गेला. त्याच्यासारखे कितीतरी गेले, कुणी बंदूक घेऊन, कुणी नुसतेच जीव घेऊन. तेव्हा आपल्या घरातल्या आगीची झळ शेजाऱ्याला लागत होती, आणि पलीकडच्या गावांनी दारं उघडली होती. मामानं तिकडेच लग्न केलं. ३० जून १९८६ ला शांतता करार झाला, वीस वर्षांची 'रामबुआई' संपली. रामबुआई, म्हणजे मुलूख अस्वस्थ असण्याचा काळ. तेव्हाही मामा आला नाही. त्याची शेती तिकडे होती. ज्या घरात आम्ही अकराजण झोपलो होतो, त्यातले चौघे मामाची नातवंडं होती.

२०२१ च्या १० मार्चला गृह मंत्रालयानं ईशान्येच्या राज्यांना पत्र पाठवलं होतं. कुणाला निर्वासित म्हणून मान्यता द्यायचा अधिकार राज्यांना नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आलेल्यांना परत पाठवा. कायद्याच्या दृष्टीनं त्यातला शब्द न् शब्द बरोबर असेल. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहिलं, की ही आमच्या रक्ताची माणसं आहेत, आम्हाला हे जमणार नाही. झोरामथांगा स्वतः रामबुआईत जंगलात होते, मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा यांचे निकटचे सहकारी. सीमा ओलांडून जगणं म्हणजे काय हे त्यांना पत्र वाचून कळायचं नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदललं, लालदुहोमा आले. ते एकेकाळचे पोलीस अधिकारी. राज्याची भूमिका तीच राहिली. निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळांत घेतलं, छावण्या चर्चनं आणि यंग मिझो असोसिएशनच्या पोरांनी बांबू तोडून उभ्या केल्या.

हे सोपं होतं असं मी म्हणणार नाही. मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाखांच्या आत होती. म्यानमारमधून आलेले ३० हजारांहून जास्त, मणिपूरच्या हिंसेनंतर आलेले आणि बांगलादेशातून आलेले बोम लोक धरले तर एके काळी हा आकडा ४० हजारांच्या वर गेला. महाराष्ट्राच्या मापानं हिशेब केला तर ४० लाखांहून जास्त माणसं दारात उभी राहावीत तसं. मनात जागा असली तरी पाण्याच्या टाकीत पाणी तेवढंच असतं. भाडी वाढली, मजुरी पडली, काही गावांनी बाहेरून आलेल्यांनी दुकान थाटायचं नाही असे नियम केले. चम्फाईच्या रस्त्यानं मादक गोळ्या येतात, चोरटी सुपारीही येते. त्या सुपारीचा माग तर थेट आपल्या नागपूरच्या बाजारापर्यंत गेला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सीबीआयला चौकशी करायला लावली. पीचा भाचा या सगळ्यावर तळमळून बोलायचा. त्याच्या वर्गातला एक मुलगा त्या गोळ्यांनी गेला होता.

म्हणून कुंपणाची मागणी करणारा प्रत्येक माणूस निर्दय आहे, असं मला वाटत नाही. पण कुंपण कुठून जाणार हे मी पाहिलं आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करायची मोकळीक होती. ती बंद करू, सगळ्या सीमेला कुंपण घालू, असं केंद्रानं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. त्याच महिन्यात मिझोरामच्या विधानसभेनं विरोधाचा ठराव केला. वर्ष संपता संपता नवे नियम आले, १० किलोमीटर आणि पास. ते कुंपण पीच्या आणि मामाच्या नातवंडांच्या मधून जातं. आणि लढाई? ती विमानातून येते, तोफेतून येते. तारेला अडकते ती ओझं घेऊन धावणारी बाई.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या आधी मी एकदा झोखोथारला जाऊन आले. शिवणयंत्रवाली बाई छावणीत भेटली. यंत्राला कुणीतरी बांबूचं टेबल ठोकून दिलं होतं, पाय नव्हते, म्हणून एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं ती कापड सरकवत होती. ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यांची दप्तरं शिवायची, निळी. एक मी विकत घेतलं. पैसे तिनं मोजून घेतले, एक रुपयाही जास्त ठेवून घेतला नाही. रिखोदार आता बंडखोरांच्या हातात आहे, पाऊस पडायच्या आत घरी जाऊ, असं ती म्हणाली. आणि गेलीही. पीनं फोनवर सांगितलं, टेबल इथंच टाकून, यंत्र तसंच पाठीवर बांधून.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, पुन्हा पूल भरला. या वेळी लष्कर नव्हतं. लष्कराशी लढलेल्या दोन चिन गटांतच नाक्यावरून आणि मुलखावरून जुंपली, आणि चार हजारांच्या आसपास माणसं पुन्हा अलीकडे आली. ती बातमी वाचून मला आदल्या कुठल्याही बातमीपेक्षा जास्त वाईट वाटलं. विमानं घेऊन येणाऱ्यावर राग धरता येतो. इथं राग कुणावर धरायचा? मी पीला फोन लावला. ती ६६ वर्षांची झाली आहे, गुडघे दुखतात, पण आवाज तसाच. सुमो भरून चालली होती. भाच्यानं फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "या वेळी ती काहीच बोलली नाही. फक्त डबा आणला आणि पोत्यात रिकामा केला."

शिवणयंत्रवालीचं विचारलं. ती आली होती, म्हणाला, यंत्रासकट. आठवडाभर राहिली. गोळीबार थांबल्यावर नवऱ्याबरोबर परत गेली, शेतात लावणी अर्धी राहिली होती म्हणून. यंत्र मात्र पीच्या बहिणीच्या घरात ठेवून गेली आहे, चम्फाईला. तेल कधी घालायचं ते सांगून.